पंचनाम्यातील एक रकाना : आपत्ती नैसर्गिक की मानवनिर्मित?

गिरणाथडी (धागालेखक)

30 ऑगस्ट 2021 च्या रात्री कन्नडच्या डोंगरात जो पाऊस कोसळला, त्याचे पाणी 31 तारखेला चाळीसगावात शिरले. डोंगरी आणि तितूर या दोन्ही नद्या पात्राबाहेर आल्या, तालुक्यात शेकडो जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि आमच्या घरात मांडीइतके पाणी चढले. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी एक तरुण कर्मचारी पंचनाम्यासाठी आले. माणूस सज्जन होता. चिखलात उभे राहून त्यांनी धान्याची पोती, शिलाईयंत्र, फ्रिज अशी सगळी यादी नीट लिहून घेतली. शेवटी कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘नैसर्गिक आपत्ती, अतिवृष्टी’ असे लिहिले आणि कागद माझ्यापुढे धरला.

मी सही केली. सही करताना मला समोरच आमच्या गल्लीमागचा नाला दिसत होता. त्या नाल्यावर मागेच कोणीतरी स्लॅब टाकून जागा वापरात आणली होती, आणि स्लॅबखालच्या तोंडाशी बाभळीचे एक अख्खे झाड, दोन गाद्या आणि प्लास्टिकचा ढीग अडकून पडला होता. रात्री पाणी नदीच्या बाजूने आले नाही, ते या तोंडापाशी तुंबून उलटे फिरले, हे गल्लीतल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरी त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. कारण उघड आहे. ‘अतिवृष्टी’ लिहिले की मदत मिळते. ‘नाला बुजवला’ असे लिहिले तर चौकशी लागते, आणि चौकशीतून शिलाईयंत्र परत येत नाही. शेजारच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, “आभाय फाटनं, दुसरं काय?” आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून हा रकाना मला सतावतो आहे. पाऊस किती पडला, याविषयी माझा वाद नाही. एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे 10 कोटी लिटर पाणी होते, आणि डोंगरउतार तीव्र असेल, माती आधीच भिजलेली असेल, तर त्यातले बरेचसे पाणी काही तासांत खाली येते. अशा छोट्या नद्यांचे पाणी चढते झपाट्याने आणि उतरतेही झपाट्याने. इथपर्यंतचा भाग निसर्गाचा. पण खाली आलेल्या पाण्याला जागा किती मिळाली, हा प्रश्न निसर्गाचा नाही. म्हणून विचारतो की त्या रकान्यात प्रामाणिकपणे काय लिहायला हवे होते? जाणकारांनी आपापल्या भागातील अनुभवांसह लिहावे.

उतारपाणी

गिरणाथडी नाना, मी नोकरीची बरीच वर्षे पाटबंधारे खात्यात काढली, त्यामुळे तुमच्या रकान्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. आधी एक कायद्याची गोष्ट. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची जी व्याख्या आहे, तिच्यात नैसर्गिक आणि मानवनिर्मित कारणांबरोबर अपघात आणि हलगर्जी यांचाही उल्लेख आहे, आणि बाधित समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचे संकट ते आपत्ती, अशी अटही आहे. म्हणजे कारणांचा एकच खाना निवडा, असे कायदा सांगत नाही. तो हट्ट आपल्या कागदांचा आहे.

आता ‘अतिवृष्टी’ या शब्दाविषयी. आपल्याकडे एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी झाली असे धरतात. मदतीसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याला माझी हरकत नाही. पण तेच 65 मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडले तर विहिरी भरतात आणि दीड तासात पडले तर ओढे फुटतात, हा फरक त्या आकड्यात उरत नाही. शिवाय चाळीसगावात शिरलेल्या पाण्यातले पुष्कळसे पाणी चाळीसगावात पडलेलेच नव्हते. ते घाटमाथ्यावर, दुसऱ्या तालुक्यात आणि दुसऱ्या जिल्ह्यात पडले होते. नदीचे पाणलोट क्षेत्र जिल्ह्याची हद्द मानत नाही, परंतु पर्जन्यमापक, नियंत्रण कक्ष आणि इशाऱ्याचे दूरध्वनी मात्र ती काटेकोरपणे मानतात. डोंगरावर रात्री बाराला काय झाले हे खालच्या गावाला वेळेत कळले असते, तर पाणी तेवढेच आले असते. जनावरांची दावी मात्र सोडता आली असती.

पूररेषांचा प्रश्नही समजून घेण्यासारखा आहे. निळी पूररेषा सामान्यतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांमध्ये ते नियंत्रित. लोकांची समजूत अशी की ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त. त्याचा खरा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता एवढाच आहे, मग मागच्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. हिशेब मांडला तर 30 वर्षांच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे 70 टक्के. घरासाठी तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याला हे दोन आकडे कोणी सांगत असेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक मुद्दा, कारण आमच्या खात्यावर नेहमी येणारा आळ त्यात आहे. धरण पूर थांबवते की आणते? तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत, पण तापी-पूर्णेचा मोठा पूर अडवून धरण्याइतकी त्याची साठवण नाही. वरून आलेले पाणी त्याला खाली सोडावेच लागते. तेच पाणी जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडून गुजरातमधल्या उकाई धरणात जाते. उकाईचा जलाशय प्रचंड आहे, तरीही ऑगस्ट 2006 मध्ये सुरत बुडाले, आणि तेव्हा उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत विसर्ग झाला होता. सिंचन आणि वीज यांना धरण भरलेले हवे असते, पूरनियंत्रणाला ते रिकामे हवे असते, आणि दोन्ही कामे एकाच भिंतीवर सोपवलेली असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी सोडले आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात शेतकरी खात्याला दोष देणार. सोडले नाही आणि पाऊस आला, तर शहर बुडणार. दरवाज्याची कळ दाबणाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी फारसे काही उरलेले नसते. त्यातच धरण आणि नदीकाठचे तट झाल्यावर ‘आता पूर येत नाही’ या भरवशावर वस्ती नदीच्या आणखी जवळ सरकते, आणि मग नेहमीचे छोटे पूर टळले तरी एखादा मोठा पूर पूर्वीपेक्षा जास्त घरे गाठतो.

केळीबाग

रावेरकडून लिहितो. आमच्याकडे पाण्यापेक्षा वारा मारतो. मे-जूनमध्ये वळवाचे वादळ आले की मृगबागेची (म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेची) उभी केळी अर्ध्या तासात आडवी होतात, आणि तेव्हा घड नेमका भरात आलेला असतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की केळी हे झाड नव्हे. त्याचे खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. मुळे उथळ, आणि वर वीस-पंचवीस किलोंचा घड. थोडक्यात, वाऱ्याला आमंत्रणच. म्हणून जुने शेतकरी बागेच्या पश्चिमेला शेवरी, बांबू किंवा गजराज गवताची दाट ओळ लावत असत. ती ओळ जागा खाते, सावली करते, पाणी पिते, असे म्हणत आम्हीच ती काढली आणि तेवढ्या जागेत केळीच्या आणखी दोन ओळी बसवल्या. मीही काढली, दुसऱ्याचे नाव कशाला घेऊ?

हवामानावर आधारित विमा आहे, तो चांगलाही आहे. पण त्यात वाऱ्याचा वेग मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर मोजला जातो आणि वादळाचा पट्टा कधीकधी तीन-चार शेतांचाच असतो. बाग झोपलेली असते आणि यंत्रात वारा लागलेला नसतो. नानांचा रकाना निदान भरला तरी गेला. माझ्या बाबतीत यंत्राने सांगितले की काही घडलेच नाही.

सातपुडा पायथा

सर्वांचे म्हणणे वाचले आणि थोडी भीती वाटली. हल्ली प्रत्येक संकटात माणसाचा दोष शोधायची सवय लागली आहे, आणि तो शोध बहुतेक वेळा संकटात सापडलेल्या माणसापाशीच येऊन थांबतो. नदीकाठी घर का बांधले? वारारोधक ओळ का काढली? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही त्याने काय करावे?

शिवाय निसर्ग म्हणून काही आहे की नाही? तापीचे खोरे ही मुळात खचदरी आहे. दोन्ही बाजूंनी भेगा पडून मधला भाग खाली बसला, म्हणून भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहतात. भूकंपाच्या जुन्या नकाशात खान्देश तिसऱ्या विभागात होता, तो उगीच नव्हे. मार्च 1938 मध्ये सातपुड्यात सुमारे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला होता. तो कोणाच्या अतिक्रमणामुळे झाला?

गिरणाथडी

तुमचा पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो नोंदवल्याबद्दल आभार. नाल्यावर स्लॅब टाकणारा आणि नाल्याकाठी भाड्याने राहणारा, या दोघांना एका मापाने मोजता येणार नाही.

भूकंपाविषयी मात्र थोडे वेगळे म्हणतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्याची तीव्रता 6.2 च्या आसपास होती, म्हणजे 1938 च्या सातपुड्यातील धक्क्याएवढीच. तरी किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. एक कारण निसर्गाचे, की तो भूकंप उथळ होता आणि सातपुड्याचा खोलवर झालेला होता. दुसरे कारण घराचे. मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड छत. आता आपल्याकडची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे आठवा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला तरी धाब्याखाली बसवते, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती रचना निवडली आणि ते शहाणपणाचेच होते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरवर्षी धाब्यावर मातीचा नवा थर पडतो. जुना थर मात्र सहसा कोणी काढत नाही. उन्हापासून आणि पावसापासून वाचवणारे तेच छत वर्षागणिक जड होत जाते, आणि ज्या संकटाची आठवण गावात कोणालाच नाही, त्या संकटासाठी ते ओझे जमवत राहते. यात दोषी कोणीच नाही. पण ‘केवळ निसर्ग’ असेही मला म्हणवत नाही.

नवापूरकर

थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आमच्या नवापुरात आढळला. विषाणू निसर्गाचा. पण लाखो कोंबड्या एकमेकींना खेटून असलेल्या शेडमध्ये, एका गावाभोवती, एकाच धंद्यात एकवटल्या होत्या; तो आमच्या भागाचा व्यवसाय होता आणि त्यावर आदिवासी मजुरांसह अनेक घरे चालत होती. विषाणूने मारले त्याहून कितीतरी जास्त पक्षी नंतर माणसांनी मारून पुरले, आणि साथ पसरू नये म्हणून ते करणे भागच होते. आमच्या कागदावर कारण काय लिहिले होते, हे आता आठवत नाही. नुकसानभरपाई पक्ष्यांची मिळाली. शेडवर रोजंदारी करणाऱ्याची रोजी मात्र पक्ष्यांच्या मोजणीत बसत नाही.

रूळमार्ग

भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी. चर्चा पाणी, वारा आणि भूकंप यांवर चालली आहे, म्हणून निसर्गाचा संबंधच नसलेली दोन उदाहरणे मांडतो.

22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाच्या परिसरात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावर उभे राहिले. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली आणि किमान 12 जण मृत्युमुखी पडले. आग नव्हतीच. सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘अफवेचे बळी’ असा मथळा दिला आणि विषय संपला. मी त्याच मार्गावर आयुष्य काढले आहे, म्हणून सांगतो की अफवा हे शेवटचे कारण होते, एकमेव नव्हे. शंभरच्या पुढे वेगाने धावणाऱ्या गाडीला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकते. समोर वळण असेल तर चालकाला माणसे दिसेपर्यंत ते अंतर संपलेले असते. घट्ट बसलेल्या ब्रेकमधून ठिणग्या आणि धूर निघतो, हे आम्हाला रोजचे, पण प्रवाशाला ते कोणी कधी सांगितलेले नसते. खचाखच भरलेल्या साध्या डब्यातून उतरताना कोणत्या बाजूने उतरावे, हेही त्याला कोणी शिकवलेले नसते. आमच्याकडे अपघाताच्या चौकशीत ‘कोण चुकले’ यापेक्षा ‘कोणकोणते अडथळे असायला हवे होते आणि त्यांतले कोणते नव्हते’ असे विचारण्याची रीत आहे. चांगला चौकशी अधिकारी तीच धरतो, वाईट अधिकारी खालच्या माणसाला निलंबित करून मोकळा होतो.

दुसरे उदाहरण शिरपूरजवळच्या वाघाडीचे. 31 ऑगस्ट 2019 रोजी तिथल्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान 12 माणसे गेली. योगायोग असा की बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला चाळीसगावचा पूर आला. एक तारीख ‘दुर्घटना’ म्हणून नोंदली गेली आणि दुसरी ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून. स्फोटानंतर साठवण कशी होती, तपासणी कधी झाली होती, वस्ती किती जवळ होती, हे प्रश्न आपोआप विचारले गेले. पुरानंतर नेमके हेच प्रश्न नाल्याबद्दल का विचारू नयेत?

माहेर मेहुणबारे

मी इतिहास शिकवते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा मागे जाणार आहे, क्षमा असावी.

1630 साली पावसाने दगा दिला आणि खान्देश, गुजरात व दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. बऱ्हाणपूर ही खान्देशाची जुनी राजधानी. एवढ्या मोठ्या फौजेची आणि तिच्या जनावरांची भूक भागवण्यासाठी धान्य-चारा भोवतालच्या मुलखातूनच जाणार होता. पाऊस पडला नाही हे निसर्गाचे, पण उरलेले धान्य कोणाच्या ताटात गेले हे सत्तेचे. जून 1631 मध्ये मुमताजमहलचा मृत्यू बऱ्हाणपुरातच झाला, आणि तो आजही मुलांना पाठ असतो. त्याच वर्षी त्याच शहराभोवती उपाशी मेलेल्यांविषयी विचारले की वर्गात शांतता पसरते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच मातीत आहे. पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवर तीनशेहून अधिक वर्षे चाललेली फड पद्धत धुळ्याच्या वाचकांना ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला कालवा, आणि गावाच्या थळाचे, म्हणजे त्या कालव्यावर भिजणाऱ्या जमिनीचे, मोठमोठे भाग (फड) पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो सर्व फडांत विखुरलेली. पाणी कमी पडले की कोणत्या फडाला ते द्यायचे नाही, हे सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि सगळ्यांचाच थोडा थोडा तुकडा त्या कोरड्या फडात असल्यामुळे तोटा वाटला जायचा. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. या व्यवस्थेने पाऊस वाढवला नाही. अवर्षणाचे रूपांतर काही घरांच्या उपासमारीत होऊ दिले नाही, एवढेच. ही व्यवस्थाही सर्वांना सारखी नव्हती, भूमिहीनाला त्यात मजुरीपलीकडे वाटा नव्हता, हे सांगायला हवे. पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याचा त्याचा पाण्याचा मार्ग वेगळा झाला आणि बहुतेक फड मोडले.

सातपुडा पायथा

ताई, फडाचे उदाहरण पटले. माझा आक्षेप थोडा सैल करतो. पण मग मूळ प्रश्न राहतोच. नाना, पुन्हा ते कर्मचारी आले तर तुम्ही त्या रकान्यात काय लिहायला सांगाल? आणि मदत अडकली तर?

गिरणाथडी

खरे उत्तर देतो. मदतीच्या कागदावर मी पुन्हा ‘अतिवृष्टी’ असेच लिहू देईन. ज्याच्या घरात चिखल आहे त्याला चौकशीची किंमत मोजायला लावणे योग्य नाही, हे तुमच्याच प्रतिसादावरून माझ्या लक्षात आले. मदत आणि कारण या दोन गोष्टी एका कागदावर ठेवल्या, हीच खरी गफलत आहे. रेल्वेत जशी वेगळी चौकशी बसते, तशी प्रत्येक पुरानंतर वेगळी नोंद व्हायला हवी. पाणी कुठून आले, कुठे अडले, किती वाजता कुठे किती उंच होते, इशारा कोणी कोणाला दिला, हे सगळे तिच्यात यावे, आणि तिचा मदतीशी काही संबंध नसावा.

ती सरकारने करावी हे खरेच, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. आमच्या भिंतीवर पाण्याची रेषा अजून दिसते. दोनदा चुना मारला तरी ती वर येते. काल मी टेप घेऊन मोजली. उंबरठ्यापासून 2 फूट 7 इंच, आणि नाल्याच्या तोंडाजवळच्या शेवटच्या घरात 4 फूट 1 इंच. नदीच्या बाजूच्या पहिल्या घरात मात्र ती जेमतेम एक फूट आहे. एवढ्या तीन आकड्यांवरूनही पाणी कोणत्या बाजूने चढले हे कळते. चाळीसगाव आणि खालच्या गावांतील ज्यांच्या भिंतींवर 2021 ची खूण शिल्लक आहे, त्यांनी ती मोजून इथे लिहावी. घराचा पत्ता नको. नदी किंवा नाला कोणत्या दिशेला आणि साधारण किती पावलांवर, एवढे पुरे.

उतारपाणी

मोजताना उंबरठ्यापासून मोजू नका, उंबरठे वेगवेगळ्या उंचीचे असतात. जवळच्या एखाद्या पुलाच्या कठड्याची किंवा पक्क्या ओट्याची एकच पातळी धरा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतात तशी काढा. आकडे जमले की नकाशा मी काढून देतो.

माहेर मेहुणबारे

आमच्या माहेरच्या गोठ्याच्या भिंतीवर खूण आहे. रविवारी भाऊ नळी घेऊन मोजणार आहे. नदी उत्तरेला, साधारण दोनशे पावलांवर.